गाळलेली जागा आणि मराठी भाषक : इंग्रजी उपपदांवरील एका प्रश्नप्रकाराची चिकित्सा

इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकांत 'योग्य उपपद वापरून रिकाम्या जागा भरा' हा प्रश्न शालेय स्तरापासून स्पर्धा परीक्षांपर्यंत आढळतो. तपासण्यास सोपा आणि गुणदानात वादाला फारसा वाव न ठेवणारा म्हणून तो प्राश्निकांना प्रिय आहे. तथापि, या प्रश्नात पूर्ण गुण मिळविणारा विद्यार्थी त्याच उत्तरपत्रिकेतील निबंधात 'ही इज टीचर' असे उपपदाविना वाक्य लिहितो, हा अनुभव अध्यापकांना नवा नाही. त्याचे खापर विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणावर फोडले जाते. वस्तुतः दोष प्रश्नाच्या रचनेत आहे.

मराठीत इंग्रजीप्रमाणे उपपदे नाहीत. त्यामुळे मराठी भाषकाची पहिली अडचण 'अ', 'ॲन' आणि 'द' यांतून निवड करण्याची नसून, नामापूर्वी काहीतरी हवे आहे हे जाणवण्याची आहे. रिकामी जागा नेमकी हीच जाणीव आयती पुरविते. उरते ते तिहींतून एक उचलण्याचे काम. त्यातही केवळ अंदाजाने तीनांत एकदा यश येण्याची शक्यता असते.

त्यातून प्राश्निकांचा ओढा 'ॲन ऑनेस्ट मॅन', 'अ युनिव्हर्सिटी', 'ॲन अवर' अशा ठरावीक उदाहरणांकडे असतो. 'अ' व 'ॲन' यांतील भेद उच्चाराचा आहे, अर्थाचा नाही. हे शब्द देवनागरीत लिहिले की स्वर कोठे आणि 'य' कोठे हे दिसतेच. पाठ करण्याजोगा नियम शिल्लक राहत नाही. म्हणजे व्याकरणाच्या नावाखाली परीक्षा होते ती रोमन लिपीतील वर्णलेखनाच्या विसंगतीची.

अर्थाचा खरा प्रश्न 'अ' आणि 'द' यांमध्ये आहे आणि तो सुट्या वाक्यात सुटतच नाही. 'आय सॉ ...... डॉग' या वाक्यात दोन्ही उत्तरे बरोबर आहेत; कुत्र्याचा उल्लेख आधी आला आहे की नाही, यावर निवड ठरते. आदर्श उत्तरसूचीत मात्र एकच उत्तर असते.

येथे 1953 मध्ये विल्सन टेलर यांनी मांडलेल्या 'क्लोझ' पद्धतीची आठवण होते. सलग उताऱ्यातील ठरावीक अंतराने येणारा, उदाहरणार्थ दर पाचवा, शब्द गाळून वाचकाकडून तो भरून घ्यावयाचा, अशी ती पद्धत. तिचा मूळ हेतू वाचनीयता मोजण्याचा होता; परीक्षा उताऱ्याची होती, वाचकाची नव्हे. पुढे जॉन ओलर प्रभृतींनी तिचा उपयोग परभाषेतील प्राविण्य मोजण्यासाठी केला आणि त्यासाठी केलेले काही दावे अतिव्याप्त ठरले. तरीही सलग संदर्भ हा तिचा कणा होता. आपल्या प्रश्नपत्रिकांनी जागा ठेवली आणि संदर्भ गाळला.

निश्चित आणि अनिश्चित हा भेद मराठी विद्यार्थ्याला अपरिचित आहे, असेही नाही. 'ते मुलगी शोधत आहेत' म्हटले की घरात लग्नाचा विषय निघालेला असतो. 'ते मुलीला शोधत आहेत' म्हटले की कोणी ठरावीक मुलगी सापडत नसते. जे काम इंग्रजी उपपदाकडून करून घेते, त्याचा काही भाग मराठी येथे विभक्तिप्रत्ययाकडून करून घेते. 'एक', 'एखादा' आणि 'तो' ही साधने आहेतच. अध्यापनात या तुलनेचा उपयोग क्वचितच होतो, कारण परीक्षेला तिची गरज भासत नाही.

उपपदे काढून टाकलेला, पण रिकाम्या जागा न दाखविलेला आठ-दहा ओळींचा उतारा देऊन विद्यार्थ्याला ती योग्य स्थळी घालावयास सांगणे, हा पर्याय महाविद्यालयाच्या अंतर्गत परीक्षेत सहज अमलात आणता येईल. अशा उताऱ्यात 'गोल्ड' किंवा 'ऑनेस्टी' यांसारखी, सर्वसाधारण अर्थाने आलेली आणि उपपद न घेणारी नामेही हवीत. तपासणी अर्थातच लांबेल, आणि नको तेथे घातलेल्या उपपदासाठी गुण कापावेत की नाही, हे अध्यापकांना आधी आपसांत ठरवावे लागेल.