हट्टी इल्झे घरी येते

एमी फॉन रोडेन यांची ‘डेर ट्रोट्सकोप्फ’ (१८८५) जर्मनीतल्या मुलींनी पिढ्यान्‌पिढ्या वाचली. सावत्र आईला न जुमानणारी इल्झे वसतिगृहाच्या शाळेत सुधारते. घरी परतताना वाटेत लिओ भेटतो आणि पुढे लग्न ठरते. शाळेतील प्रसंग गोड आहेत. इंग्रज मैत्रीण नेली विशेष लक्षात राहते.

एक मात्र खटकते. हट्टापायी वाग्दत्त वर गमावलेल्या ल्युसीची गोष्ट इल्झेला बाई सांगतात. म्हणजे नमते घ्यावे, ते नवरा मिळावा म्हणून? माफीवर पहिला हक्क दुखावलेल्या आईचा. वॉर्डात मी हेच पाहिले: माणूस सुधारला की नाही, हे त्याचा त्रास सोसलेल्यालाच आधी कळते.

मुलींना हे पुस्तक जरूर द्यावे. मात्र वाचून झाल्यावर विचारावे, “लिओ राहू दे, आईला काय वाटले असेल?”