संकेतस्थळाची नोंदवही: एक भाषिक परीक्षण

संकेतस्थळाचा आशय सांभाळणाऱ्या प्रणाली आपल्या कामाची नोंदवही आपोआप लिहीत असतात. कोणी प्रवेश केला, कोणते पान बदलले, कोणते काढले, हे तीत वाक्यरूपाने उतरते. ती कशी लिहिली जावी व किती काळ राहावी हे व्यवस्थापक ठरवितो, आणि हे ठरविणे सामान्यतः तंत्रज्ञांचे काम मानले जाते. वस्तुतः हे संहितेविषयीचे निर्णय होत, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे. 2001 पासून प्रचारात असलेल्या ड्रुपल या प्रणालीच्या आधारे ती येथे तपासावयाची आहे.

ड्रुपलमध्ये नोंदीचे दोन मार्ग तयार मिळतात. डेटाबेस लॉगिंग या पहिल्या मार्गात नोंद 'वॉचडॉग' नावाच्या तक्त्यात जाते. परंतु तेथे वाक्य अखंड साठविले जात नाही. वाक्याचा इंग्रजी साचा एका स्तंभात, आणि त्यात भरावयाची नामे दुसऱ्यात. वाचकाने नोंद उघडली म्हणजे साच्याचे भाषांतर उपलब्ध असल्यास ते घेऊन नामे त्यात बसविली जातात. सिसलॉग या दुसऱ्या मार्गात वाक्य लिहितानाच पुरे होते व इंग्रजीतच यंत्राच्या सामाईक नोंदीत जमा होते. पाठचिकित्सेच्या परिभाषेत, पहिल्या मार्गात प्रत्येक वाचनागणिक नवी प्रत निघते, दुसऱ्यात एकच प्रत असते.

पहिला मार्ग मराठीस अनुकूल वाटतो. अडचण तेथेच सुरू होते. साच्याच्या कर्त्यांनी नाम अविकारी धरले आहे. इंग्रजीत ते चालते. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील 'सिहोरा' हे ग्रामनाम घ्या. 'अमुकमध्ये बदल केला' असा साचा कोणी मराठीत रचला, तर यंत्र 'सिहोरा मध्ये' असे लिहील. त्या गावचा माणूस बोलीत 'सिहोऱ्याले' म्हणो वा प्रमाणभाषेत 'सिहोऱ्याला', सामान्यरूप तो चुकत नाही. दामल्यांनी 1911 मध्ये 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त ज्या विकाराचा सविस्तर विचार केला, तो यंत्राच्या गावीही नाही.

मग यंत्राला सामान्यरूप शिकवावे काय? निदान साठवणीत तरी ते शिकवू नये, असे माझे मत आहे. 'सिहोरा'तील र आणि 'सिहोऱ्या'तील ऱ यांना युनिकोडमध्ये दोन स्वतंत्र संकेतांक आहेत. विकारी रूप साठविले तर मूळ नावाने शोध घेणाऱ्यास ती नोंद सापडणार नाही. म्हणून नाम मूळ रूपात वेगळे ठेवण्याची ड्रुपलची पद्धत योग्यच आहे, सिसलॉगची नव्हे. दोष साच्याच्या भाषांतरात आहे, आणि त्यावर उपाय मराठीच्या प्रकृतीतच आहे: 'सिहोरा या शीर्षकाचे पान काढले'. विकार 'या'ने व 'शीर्षका'ने सोसला, क्रियापदाचे लिंग 'पान' या शब्दाने निश्चित झाले.

लिंगाचा मुद्दा येथे थोडा अधिक पाहण्याजोगा आहे. मराठी विकिपीडिया 2003 पासून ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तीत सदस्याने आपले लिंग नमूद केल्यास नोंदीतील क्रियारूप त्यानुसार बदलण्याची सोय आहे. अनेक भाषांना ती उपकारक असेल. मराठीत मात्र सकर्मक धातूच्या भूतकाळी कर्मणी प्रयोग येतो: त्याने पान वगळले, तिने पान वगळले. यंत्र कर्त्याचे लिंग पुरविते आणि मराठी वाक्य कर्माचे लिंग मागते! 'आला', 'आली' अशा अकर्मक रूपांपुरतीच ही सोय उपयोगी.

नोंदींच्या तीव्रतेच्या आठ पायऱ्यांविषयी एवढेच म्हणता येईल, की 'नोटीस' या पायरीस 'सूचना' हा प्रतिशब्द घेतल्यास आदेश, सल्ला आणि खबर या तिन्हींचा गोंधळ होतो. 'नोंदनीय बाब' हा शब्द रुक्ष असला तरी पत्करावा.

याहून गंभीर प्रश्न नोंद टिकण्याचा आहे. आपले विद्यार्थी बोलींचे शब्दसंग्रह अशा प्रणालींवर उभारू शकतात. समजा, सिहोरा परिसरात मिळालेला झाडीबोलीतील 'पानी' हा शब्द कोणा शुद्धिप्रेमी संपादकाने 'पाणी' केला. नोंदवहीत पान बदलल्याची नोंद होईल, पण नव्या शीर्षकाने. जुने रूप आवृत्त्या जपण्याची सोय चालू असेल तरच मागे उरेल. पान काढूनच टाकले तर त्याच्या आवृत्त्याही जातात, आणि त्या शब्दाच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून प्रणालीत नोंदवहीतील ती एक ओळ शिल्लक राहते. डेटाबेस लॉगिंगची मूळ मर्यादा 1000 ओळींची आहे. नियतकालिक साफसफाईत त्यापलीकडील जुन्या ओळी पुसल्या जातात. शिवाय न सापडलेल्या पानाची मागणी हीदेखील तेथे 'इशारा' म्हणून नोंदली जाते. भलभलते पत्ते धुंडाळणारी स्वयंचलित यंत्रे एका रात्रीत हजार ओळी सहज भरतात, आणि 'पानी' काढल्याची ओळ त्यांच्या रेट्याने बाहेर पडते. ही मर्यादा दहा लाख ओळींपर्यंत वाढविता येते, किंवा मुळीच न ठेवण्याचीही मुभा आहे. बोलीसंग्रहासाठी ती उठवावी, आणि तक्ता फुगू लागल्यास त्याची प्रत ठराविक काळाने वेगळी काढून संग्रहासोबत जपावी. हा निर्णय पहिला शब्द नोंदविण्यापूर्वीच झाला पाहिजे. पुसलेली ओळ मागाहून आणता येत नाही.