चहा, सण आणि वेगळी कपबशी

काकुझो ओकाकुरांचं १९०६ सालचं ‘द बुक ऑफ टी’ शेलूत बसून वाचताना आपल्याला एक गोष्ट भावते, एक खटकते. भावतं ते चहाघराचं बुटकं दार. उंची जेमतेम तीन फूट. सामुराईनंही तलवार बाहेर ठेवून वाकूनच आत यायचं. खटकतं ते यावरून चहालाच समतेचं पेय ठरवणं.

आपला अनुभव काय सांगतो? १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा पुढे आला आणि टिळक-रानड्यांवर ग्रामण्य ओढवलं. रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. म्हणजे चहानं भिंत पाडली नाही, ती दाखवून दिली. पुढे टिळकांनीच सार्वजनिक गणेशोत्सवाला बळ दिलं. तरी कितीतरी गावांत दलितांची कपबशी वेगळीच राहिली.

ओकाकुरा चहाची खोली, फुलं, चहागुरू यांवर फार सुंदर लिहितात. पण कप कोण विसळतं, हा प्रश्न आपणच जोडायला हवा. गणपतीत आरतीनंतर घरोघर चहा होतोच. तेव्हा वाडीवरच्या कातकरी पाहुण्याला त्याच ट्रेमधला कप मिळतो का? आणि त्याच्या घरी आपण चहाला बसतो का? पुस्तक जरूर वाचा, हे दोन प्रश्न सोबत ठेवून.