ऐकणाऱ्यांचे मत

गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकांविषयी लोक काय बोलतात, ते ऐकण्याचा मला जुना छंद आहे. कधी कधी तर गाण्यापेक्षा हे बोलणेच मला अधिक रंजक वाटते. मी संगीतातला जाणकार नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही, आणि राग ओळखायची पाळी आली की मी चष्मा पुसू लागतो. पण राहतो नेरुळजवळ, करावे गावाच्या कडेला. शाळेत मराठी शिकवतो. आणि वर्गात आगऱ्या-कोळ्यांची मुले असतात तशी सातारा-सांगलीकडून आलेल्या माथाड्यांची आणि इमारतींतल्या कचेरीवाल्यांचीही असतात. तेव्हा एकाच गाण्याविषयी तीन तऱ्हेची मते मला घरबसल्या मिळतात.

शिक्षकांच्या खोलीत कोळीगीतांचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेले असते : "पूर्वीची कोळीगीते काय होती!" पूर्वीची म्हणजे शान्ता शेळके यांनी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेली, आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांच्या आवाजात ऐकलेली. ती गाणी फार चांगली आहेत, याविषयी माझे दुमत नाही. त्यांतल्या ठेक्यात वल्ह्याची ओढ आहे, आणि चाल अशी की एकदा कानात शिरली म्हणजे निघत नाही. पण बोलणाऱ्याच्या मनात 'पूर्वीची' म्हणजे 'अस्सल' असे असते, आणि इथे मला थांबावेसे वाटते. ही गाणी कोळीवाड्यात जन्मली नाहीत. ती एका मोठ्या कवयित्रीने आणि एका मोठ्या संगीतकाराने घडवली. कोळ्यांनी ती नंतर उचलली, आणि आज शाळेच्या स्नेहसंमेलनात कोळ्याची पोर त्यांवर नाचते ती ती आपली समजूनच. विठ्ठल उमपही कोळी नव्हते. कोळीगीते गाताना त्यांना परके कोण म्हणाले? तेव्हा अस्सलपणा जन्मावरून ठरवायचा असेल, तर आमच्या खोलीतले मत पहिल्याच पायरीवर घसरते.

याच खोलीत वेसावकर मंडळींच्या ध्वनिफितींचे नाव निघाले की नाके मुरडली जातात. ही गाणी तर वेसाव्याच्या कोळ्यांनी स्वतः केलेली! भाषा त्यांची, थट्टा त्यांची, गळाही त्यांचाच. मग 'अस्सल' हा शब्द इथे का लागू नये? कारण विचारले की उत्तर येते, "वाद्ये कृत्रिम आहेत, गोंगाट आहे." वस्तुतः हे मत गाण्याविषयी नसून ते जिथे वाजते त्या मांडवाविषयी आहे. 'गारवा'विषयी हीच माणसे किती मृदू होतात! 1998 सालचा तो संग्रह. सौमित्र यांचे शब्द, मिलिंद इंगळे यांचा स्वर. त्यातही वाद्ये आधुनिकच आहेत. पण तो खिडकीशी बसून, पाऊस पाहत ऐकायचा असतो. ज्याच्या घरी अशी खिडकी आहे त्याला तो आवडतो. मलाही आवडतो, माझ्या घरी खिडकी आहे.

ध्वनिफितीची बाजू कोणीतरी मांडायला हवी. जुन्या तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपास गाणे मावे. रात्रभर चालणाऱ्या गीताला तिने धृपद आणि तीन कडव्यांच्या साच्यात कोंबले, आणि लोकगीत म्हणजे एवढेच, अशी आपली समजूत करून दिली. शिवाय ती तबकडी काढायची तर मोठ्या कंपनीचा दरवाजा उघडावा लागे. ऐंशीच्या दशकात फीत स्वस्त झाली, छोट्या कंपन्या निघाल्या, आणि ज्यांना त्या दरवाजात कोणी उभे केले नसते त्यांचे गळे बाजारात आले. फितीच्या एका बाजूला अर्धा तास मिळे. मग एका गाण्यातून दुसऱ्यात न थांबता जाणारी माळ निघाली. रसिकांनी तिला हिणवले. पण नाचणाऱ्याला पावले थांबवायची नसतात, हे त्या माळेला कळले होते. निदान एवढ्या बाबतीत ती तबकडीपेक्षा परंपरेच्या जवळ होती.

हे शहाणपण मला आधीपासून होते असे वाचकांनी समजू नये. माझ्या एका कादंबरीत हळदीच्या रात्रीचे वर्णन आहे. त्यात मी या गाण्यांना 'धांगडधिंगा' म्हटले आणि 'त्याखाली धवल्याचा क्षीण स्वर चिरडला गेला' असे एक वाक्य लिहिले. वाक्यावर मी खूश होतो. धवला म्हणजे आगऱ्यांच्या लग्नातले विधीगीत. ते म्हणणारी धवलारीण ही त्या लग्नाची जणू पुरोहितच. हळदीपासून पुढच्या एकेका विधीला तिचे गाणे असते. नावाचे नाते फार दूरवर जाते. तेराव्या शतकात महदंबेने 'धवळे' रचले, तेही लग्नाचेच. मराठीतल्या पहिल्या कवयित्रीशी शब्दाचे नाते सांगणारे गाणे ध्वनिवर्धकाखाली मरते आहे, याचे दुःख करायला माझ्यासारखा मास्तर नको तर कोण?

पुढे कळले की माझ्या एका विद्यार्थ्याची आजीच धवलारीण आहे. पोराने ते प्रकरण तिला वाचून दाखवले होते. मी भेटायला गेलो तेव्हा माझी अपेक्षा अशी की म्हातारी डोळ्यांत पाणी आणून माझे आभार मानील. तिने चहा दिला आणि म्हणाली, "मास्तर, तो गाना नाचाचा हाय, आयकाचा नाय. तुमी खुर्चीवर बसून आयकला." वेसावकरांची गाणी तिला आवडतात. मुलाच्या हळदीला ती स्वतः त्यांवर नाचली होती. जिची कैवारी म्हणून मी लेखणी उचलली, तिला माझे मत मान्य नव्हते, आणि ते लिहिण्यापूर्वी मी तिला विचारलेही नव्हते.

ओशाळून मी खिशातला मोबाईल काढला. निदान धवला मुद्रित करून ठेवावा, म्हटले. तिने मान हलवली. "नवरी नाय, हलद नाय, मंग धवला कोनासाटी?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. ध्वनिमुद्रिकेविषयी मत देणारा आपण सगळे एक गोष्ट गृहीत धरतो : गाणे त्याच्या प्रसंगापासून सोडवता येते, घरी नेता येते, आणि मग त्याला चांगले-वाईट म्हणता येते. या म्हातारीच्या लेखी सोडवलेला धवला हा धवलाच नव्हे. मुद्रित झाला नाही तर तो तिच्याबरोबर जाईल, हेही खरे. मला दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतात आणि त्रास होतो.

15 डिसेंबर 2019 रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आयर्लंडचा यू टू हा वाद्यवृंद आला. त्यांचा 'द जोशुआ ट्री' हा 1987 सालचा संग्रह त्या दौऱ्यात साग्रसंगीत वाजला. जानेवारी 2025 मध्ये तिथेच कोल्डप्ले आले. दोन्ही वेळा रेल्वे स्टेशनावर परगावच्या तरुणांची दाटी होती, आणि त्यांच्या तोंडी एकच शब्द : 'जागतिक'. गंमत अशी की त्याच 1987 च्या उन्हाळ्यात लंडनमधल्या एका मद्यगृहात काही छोट्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांची माणसे जमली. आफ्रिकेच्या, आशियाच्या तबकड्या दुकानात कोणत्या फळीवर ठेवाव्यात, हा त्यांच्यापुढे प्रश्न होता. त्यांनी 'वर्ल्ड म्युझिक' हे नाव ठरवले. त्या फळीवर यू टू बसत नाही. बसली तर आमची वेसावची मंडळी बसतील. ज्याला स्टेशनावरचा तरुण जागतिक म्हणतो ते लंडनच्या दुकानात नुसते संगीत असते, आणि जे त्याला गावठी वाटते ते तिथे जागतिक होते. 2020 मध्ये ग्रॅमी पुरस्कारवाल्यांनी तो शब्द बदलून 'ग्लोबल' केला. पाटी बदलली, फळी तीच राहिली.

पण त्या तरुणांना हसण्यात हशील नाही. स्टेडियमकडून येणारा आवाज मी गच्चीवरून ऐकत होतो. शब्द एकही कळला नाही. मात्र हजारो माणसे एका सुरात गाऊ लागली तेव्हा अंगावर काटा आला, आणि हळदीच्या मांडवात खुर्ची धरून बसलेला मी आठवलो. तिथे तर मला शब्द कळत होते!

आमच्या परिसराची एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि 95 गावांची भातशेती, मिठागरे नव्या शहरासाठी घेतली गेली. जमिनीबरोबर कामाची गाणी गेली. लावणीच नाही तर लावणीचे गाणे कुठून येणार? राहिले ते लग्न. म्हणून जे उरले ते सारे हळदीच्या एका रात्रीत येऊन कोंडले आहे, मोठ्याने, खर्च करकरून. त्या रात्रीच्या आवाजाला मीही वैतागतो, दुसऱ्या दिवशी परीक्षा असेल तर फारच. पण आता त्याला 'अभिरुचीचा ऱ्हास' म्हणत नाही.

गेल्या वैशाखात त्या आजीच्या नातीचे लग्न झाले. या खेपेला मी खुर्ची घेतली नाही. मांडवाच्या खांबाशी उभा राहिलो. नाचून दाखवण्याइतके धैर्य मात्र झाले नाही. मध्येच डीजेवाल्याला थांबायला सांगितले गेले, त्याने कुरकुरत आवाज बंद केला. म्हातारी नवरीजवळ बसली आणि धवला म्हणू लागली. स्वर थरथरत होता. तरुण पोरे बाहेर मोबाईल पाहत उभी होती. बायका ऐकत होत्या. 'वा' म्हणाले नाही कोणी, टाळीही नाही. एके ठिकाणी ती एक नाव चुकली. तिच्याच वयाच्या एका बाईने हळदीचा हात पदराला पुसत मागून ते नाव दुरुस्त केले. म्हातारी थांबली, मान डोलावली, आणि तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हणाली.