एकच पाणी, वेगळा धोका

१९८१ साली कोल्हापूर शहरात काविळीची साथ आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने रक्ताचे नमुने तपासले. साथ पाण्यातून पसरली होती आणि तिचा विषाणू हिपॅटायटिस ‘ए’ही नव्हता, ‘बी’ही नव्हता. पाण्यातून येणाऱ्या अशा साथींमागचा विषाणू पुढे हिपॅटायटिस ई म्हणून ओळखला गेला. २०१२मध्ये इचलकरंजीनेही काविळीचा तडाखा सोसला. हा विषाणू सगळ्यांना सारखा छळत नाही. लहान मुलांना पुष्कळदा कावीळ दिसतही नाही. एरवी शंभर रुग्णांत एखादा दगावतो. दिवस भरत आलेल्या गरोदर बायकांत हेच प्रमाण विसापर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत.

एकाच कारणाचा परिणाम असा माणसागणिक बदलतो, त्याला साथरोगशास्त्रात इफेक्ट मॉडिफिकेशन म्हणतात. तो फरक खरा की योगायोग, हे ठरवण्याच्या पद्धतींवर मात्र अजून एकमत नाही.

सर्वांत जुनी वाट गट पाडण्याची. प्रत्येक गटात धोक्याचे गुणोत्तर काढायचे आणि मँटेल-हेन्झेलच्या १९५९च्या सूत्राने त्यांचा एक आकडा करायचा. पण गटागटांत खरोखरच फरक असेल, तर तो याच एका आकड्यात बुडतो. म्हणून आधी ब्रेस्लो-डे चाचणी लावतात. गटात माणसे थोडी असली की ती चाचणी लुळी पडते. आज बहुतेक अभ्यासक समीकरणात दोन घटकांच्या गुणाकाराचे पद घालतात आणि त्याचे पी-मूल्य पाहतात. त्यातही ‘बायकांत परिणाम सिद्ध झाला, पुरुषांत नाही, म्हणजे दोघांत फरक आहे’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो चूकच आहे. दोन परिणामांची थेट तुलना केल्याशिवाय फरक सिद्ध होत नाही.

याहून मोठा घोळ मोजपट्टीचा. अमेरिकेतल्या अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांचा १९७९चा अभ्यास घ्या. फुप्फुसाच्या कर्करोगाने वर्षाला लाखामागे होणारे मृत्यू असे: धूम्रपान नाही, अ‍ॅस्बेस्टॉसही नाही, तिथे ११, फक्त अ‍ॅस्बेस्टॉस, ५८, फक्त धूम्रपान, १२३, दोन्ही, ६०२. पटीत पाहिले तर पाच गुणिले अकरा, म्हणजे साधारण ५५ पट अपेक्षित, प्रत्यक्षात ५३. गुणाकाराची चाचणी म्हणणार, काही विशेष नाही. बेरजेने पाहिले तर ५८ अधिक १२३ वजा ११, म्हणजे १७० अपेक्षित होते. लाखामागे चारशेहून जास्त मृत्यू वरचे. साथरोगशास्त्रज्ञ केनेथ रॉथमन यांनी आग्रह धरला तो याच बेरजेच्या मापाचा, आणि सार्वजनिक आरोग्यापुरते तरी त्यांचेच बरोबर आहे. वाचवायची असतात ती माणसे, पटी नव्हे. तरीही निबंधांत पटीच छापल्या जातात, कारण संगणकाची तयार आज्ञा तेच उत्तर देते.

महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण मुंबईच्या झोपडपट्ट्यांतले आहे. डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांच्या ‘सरस’ प्रकल्पात २००६ ते २०१२ या काळात बायकांना गर्भधारणेआधीपासून पालेभाज्या, फळे आणि दूध घातलेला खाऊ दिला गेला. तुलनेच्या गटाला बटाटा-कांद्याचा. बाळांचे वजन सरासरी २६ ग्रॅमनेच वाढले, म्हणजे सिद्ध काहीच झाले नाही. मात्र किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केलेल्यांत अंगाने भरलेल्या बायकांच्या बाळांना ११३ ग्रॅमचा लाभ दिसला; सर्वांत कृश बायकांत काहीच नाही. पोषण योजना ज्यांच्यासाठी आखतात, नेमक्या त्याच रिकाम्या हाताने राहिल्या. सरासरीत हे दिसले नसते.

पण गट पाडत सुटले की काहीही सापडते. १९८८च्या आयसिस-२ चाचणीत राशींनुसार आकडे पाडले, तेव्हा मिथुन आणि तूळ राशीच्या हृदयरुग्णांना अ‍ॅस्पिरिन लागू पडत नाही असे दिसले! संशोधकांनी ते मुद्दाम, सावध करण्यासाठी छापले. वेगर आणि अ‍ॅथी यांची २०१८ची ‘कॉझल फॉरेस्ट’ पद्धत निम्म्या नोंदींवर गट शोधते आणि उरलेल्या निम्म्यांवर परिणाम मोजते. शिस्त चांगली आहे, पण तिला हजारो माणसे लागतात.

गावातल्या काविळीच्या साथीत तेवढी नसतात. तिथे गरोदरपणाचा कितवा महिना चालू आहे ही एक नोंद आधीच ठरवून घ्यावी आणि शंभरामागे किती जीव जास्त जातात, तो साधा फरक त्याच्या अनिश्चिततेसह मांडावा. गरोदर बाईच्या घरी आधी जायचे की नंतर, हे ठरवताना आशाताईंना तोच आकडा लागतो.