मानस आणि शास्त्र : एका जोडशब्दाची चिकित्सा

१

रोजच्या मराठीत 'मानसशास्त्र' हा शब्द आणि त्याच्या कुळातले शब्द निदान तीन निरनिराळ्या कामांना जुंपलेले दिसतात. 'मुलगी मानसशास्त्र घेऊन बी. ए. करते आहे' या वाक्यात तो एका विद्याशाखेचे नाव आहे. 'मतदारांचे मानसशास्त्र ओळखून उमेदवार दिले' या वाक्यात विद्याशाखेचा संबंध उरत नाही. येथे त्याचा अर्थ मतदारांचे मन, त्या मनाची ठेवण असा आहे. आणि 'सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघाले नाही, शेवटी डॉक्टर म्हणाले की हे मानसिक आहे' या वाक्यात त्याच कुळातला शब्द निवाडा देतो आणि पुढचे बोलणे संपवतो. अभ्यास, अभ्यासाचा विषय आणि निकाल अशा तिन्ही जागी एकच शब्दकुळ वावरते आहे.

एका शब्दाने दोन कामे करणे हे भाषेला नवीन नाही. 'इतिहास' म्हणजे घडून गेलेले, आणि त्याची हकिकतही. 'भूगोल' म्हणजे प्रदेशाची रचना, आणि तिचा अभ्यासही. परंतु सह्याद्रीविषयी भूगोलाच्या पुस्तकात काय लिहिले आहे याने सह्याद्रीला काही फरक पडत नाही. मनाचे तसे नाही. माणसाला त्याच्या मनाविषयी जे सांगितले जाते ते त्याच्या मनात जाऊन बसते आणि तेथून कारभार करू लागते. म्हणून या शब्दाच्या वापराची चिकित्सा हा केवळ कोशकारांचा विषय राहत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : मराठीत 'मानस' आणि 'शास्त्र' यांचा समास होण्यापूर्वी या दोन गोष्टी दीर्घकाळ एकमेकींसमोर उभ्या होत्या. शास्त्राने सांगायचे आणि मनाने ऐकायचे, अशी ती वाटणी होती. समास झाला तरी ती वाटणी पुरती मोडलेली नाही. हा शब्द कोणी चांगला वापरला आणि कोणी वाईट, हे ठरवताना या दोन पदांपैकी बोलते कोण आणि गप्प बसवले जाते कोण, हे पाहावे लागते.

२

'सायकॉलॉजी' हा शब्द ग्रीक घटकांचा असला तरी तो घडवला सोळाव्या शतकातल्या युरोपीय पंडितांनी, आपल्या लॅटिन लेखनासाठी. ग्रीक 'सायकी' म्हणजे श्वास, प्राण, आत्मा. रुडॉल्फ गोक्लेनियस या जर्मन पंडिताने १५९० मध्ये आपल्या ग्रंथाला हे नाव दिले, तेव्हा चर्चा आत्म्याचीच होती. ख्रिस्तियन वोल्फने १७३२ आणि १७३४ मध्ये दोन ग्रंथ लिहून अनुभवावर आधारलेले आणि तर्कावर आधारलेले असे या विद्येचे दोन भाग पाडले. १८७९ मध्ये विल्हेल्म वुंटने लाइपझिगला प्रयोगशाळा काढली. १८९० मध्ये विल्यम जेम्सचा मोठा ग्रंथ आला. १९१३ मध्ये वॉटसनने जाणिवेची भाषाच सोडून द्यावी आणि दिसते त्या वर्तनाचा अभ्यास करावा, असे जाहीर केले. आत्म्याच्या घरून निघालेला शब्द सव्वातीनशे वर्षांत वर्तनाच्या दारी पोहोचला. पाटी मात्र तीच राहिली.

मराठीने या पाटीसाठी 'मानस' आणि 'शास्त्र' ही दोन पदे निवडली. हिंदीत 'मनोविज्ञान' रूढ झाला. दोन्ही शब्द योग्यच. पण प्रत्येक शब्द आपल्या घरचे सामान बरोबर घेऊन येतो.

'सायकी'च्या जवळचा मराठी शब्द शोधायचा तर तो 'जीव' हा आहे. जीव लागतो, जीव टांगणीला लागतो, जीव घाबरा होतो, जीव नकोसा होतो. येथे प्राण आणि भावना यांची फारकत झालेली नाही. 'मन' त्या मानाने वेगळे. सांख्यांच्या हिशेबात मन हे अकरावे इंद्रिय, म्हणजे एक साधन. अनुभव घेणारा पुरुष निराळा. आपल्या संतपरंपरेत तर मन हे बहुधा उपदेश ऐकणारे आहे. रामदासांचे २०५ 'मनाचे श्लोक' मनाला उद्देशून आहेत. त्यात मनाला चुचकारले आहे, दटावले आहे, वाट दाखवली आहे. मन आपली बाजू मांडते आहे असा प्रकार तेथे नाही, आणि त्या ग्रंथाचे ते प्रयोजनही नाही. मराठीत 'मानस' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे हेतू : 'पुढच्या वर्षी खंड प्रसिद्ध करण्याचा मानस आहे'. म्हणजे मराठी माणसाच्या कानाला 'मानस' म्हटले की इच्छा आणि संकल्प यांचा ध्वनी ऐकू येतो.

'शास्त्र' या पदाचे सामान याहून जड आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र असे म्हणताना आपण तो पद्धतशीर ज्ञान या अर्थी वापरतो. परंतु 'शास्त्रात सांगितले आहे' म्हटले की तो आज्ञा होतो. 'शास्त्रापुरता एक घास घ्या' म्हटले की तो उपचार होतो. अलीकडे तरुण मंडळी 'शास्त्र असतं ते!' असे म्हणून या अर्थाची थट्टा करतात. थट्टा होते याचा अर्थ तो अर्थ अजून जिवंत आहे. जे आहे ते सांगणे आणि जे असावे ते फर्मावणे, ही दोन्ही कामे 'शास्त्र' करते. वर्तमानपत्रातल्या सल्ल्याच्या सदरात 'मानसशास्त्र असे सांगते की' अशी सुरुवात झाली की पुढे निरीक्षण येणार की आज्ञा, हे वाचकाला कळत नाही. पुष्कळदा लिहिणाऱ्यालाही कळत नसावे.

३

या विद्येतल्या परिभाषेचा मराठीतला प्रवास पाहिला म्हणजे हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. तीन शब्द घेऊ.

पहिला 'इगो'. फ्रॉइडने जर्मनमध्ये साधे 'मी' असे सर्वनाम वापरले होते. इंग्रजी अनुवादकांनी त्याचे लॅटिन 'इगो' केले. आपल्या पाठ्यपुस्तकांनी इंग्रजीवरून 'अहम्' केले. फ्रॉइडच्या मांडणीत हा 'मी' वासना, सदसद्विवेक आणि बाहेरचे जग या तीन धन्यांची मर्जी सांभाळताना मेटाकुटीला आलेला असतो. मराठी बोलण्यात मात्र 'इगो' म्हणजे ताठा : 'त्याचा इगो दुखावला'. गंमत अशी की 'अहंकार' या शब्दाचेही पूर्वी हेच झाले होते. सांख्यांच्या परिभाषेत अहंकार म्हणजे मीपणाची जाणीव उत्पन्न करणारे तत्त्व. व्यवहारात त्याचा अर्थ गर्व झाला. दोन वेगळ्या शतकांत, दोन वेगळ्या दिशांनी आलेल्या वर्णनपर शब्दांना आपण दोष दाखवणारे शब्द करून टाकले.

दुसरा 'न्यूनगंड'. 'गंड' म्हणजे गाठ, सूज. 'गंडमाळ' या रोगाच्या नावात तो आहे. अॅडलरच्या विचारातली कमीपणाची भावना आणि युंगने रूढ केलेली मनातल्या गाठीची कल्पना या एका मराठी शब्दात नेमकी उतरली आहे. शब्द सुरेख आहे. पण त्याच्या पुढे मराठीने क्रियापद कोणते लावले? 'बाळगणे'. 'ग्रामीण विद्यार्थ्यांनी न्यूनगंड बाळगू नये' हे वाक्य सत्कारसमारंभांत हमखास ऐकू येते. जणू मुलाने ती गाठ हौसेने पाळली आहे. ती गाठ ज्यामुळे पडली ते हसणे, ते उच्चारावरून टोकणे, ती मागच्या बाकावरची जागा यांतले काहीच त्या वाक्यात येत नाही. ज्याला लागले आहे त्यालाच त्या वाक्याने कर्ता केले.

तिसरा शब्द 'नैराश्य'. डिप्रेशन या आजारासाठी तो रूढ झाला आहे. 'निराश'पासून तो बनला असल्यामुळे ऐकणाऱ्याला त्यावरचा उपाय आपोआप सुचतो : आशा ठेव, उमेद धर. ज्याचे झोप, भूक, हालचाल, विचाराचा वेग असे सगळेच बिघडले आहे त्याला धीराचे बोल पुरतील असा समज शब्दातच दडला आहे. याउलट आपल्या आयाबाया जे म्हणत आल्या ते 'करमत नाही', 'कशात जीव लागत नाही', 'मन उडाले आहे' हे बोल रोगाचे नाव सांगत नाहीत, पण लक्षण अचूक सांगतात. शिवाय त्यात दोषारोप नाही. 'करमत नाही' या क्रियापदाला करमवून घेणारा कर्ताच नाही; ज्याला करमत नाही तो चतुर्थीत उभा असतो. माझ्या मते मनाविषयीच्या मराठीतले हे फार मोलाचे व्याकरण आहे, आणि परिभाषा घडवताना आपण ते हाती घेतले नाही.

४

साहित्यात या शब्दाने काय केले? विल्यम जेम्सने जाणीव ही प्रवाहासारखी असते असे म्हटले. १९१८ मध्ये मे सिंक्लेअर हिने डोरोथी रिचर्डसनच्या कादंबऱ्यांविषयी लिहिताना ती कल्पना वाङ्मयसमीक्षेत आणली. मराठीत 'संज्ञाप्रवाह' हा शब्द आला आणि मर्ढेकरांच्या 'रात्रीचा दिवस' (१९४२) या कादंबरीशी कायमचा जोडला गेला. १९४६ मध्ये गंगाधर गाडगीळांचा 'मानसचित्रे' हा संग्रह आला. त्याच्या नावातच नवकथेचा कल दिसतो. घटनेचे वजन कमी झाले आणि घटना मनात कशी उमटते याला महत्त्व आले. हे सारे मराठी समीक्षेने नीट नोंदवले आहे.

पण त्याबरोबर समीक्षेला एक सवयही लागली. पात्राला रुग्ण समजायचे, त्याच्या वागण्यामागे एखादा गंड शोधायचा, तो सापडला की लेखकाची 'मानसशास्त्रीय जाण' वाखाणायची. येथे समीक्षक दवाखान्यातल्या खुर्चीत बसतो आणि पात्र समोरच्या बाकावर. कलाकृतीने जे मोकळे ठेवले होते ते या निदानाने बंद होते. मर्ढेकरांनी अव्यवस्थित, उलटसुलट धावणारे मन कागदावर आणायचे आणि आपण त्याला लगेच शास्त्राच्या खणात टाकायचे, ही त्या प्रयोगाची परतफेड नव्हे.

मला तर वाटते की मराठी कादंबरीतले मनाचे महत्त्वाचे दर्शन या परिभाषेच्या आधी घडले आहे. जेम्सचा ग्रंथ निघाला त्याच सुमारास हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक'मधून क्रमशः येऊ लागली. यमू आपली कहाणी स्वतः सांगते. विधवा झाल्यावर तिचे जबरदस्तीने केशवपन होते, ते शास्त्राच्या आणि रूढीच्या नावाने. तिच्या डोक्यावर शास्त्राचा वस्तरा आहे आणि पुस्तकभर आवाज तिच्या मनाचा आहे. शास्त्र फर्मावते आणि मन ऐकते ही जुनी वाटणी येथे उलटली : मन बोलू लागले आणि वाचकाला ऐकावे लागले. 'मानसशास्त्रीय कादंबरी' हे बिरूद तिला कोणी सहसा लावत नाही, कारण तिच्यात गंड नाही की स्वप्नविश्लेषण नाही. एका माणसाचे मन आतून ऐकवणे एवढे मात्र आहे, आणि माझ्या दृष्टीने तेवढे पुरेसे आहे.

५

आता निवाड्याच्या अर्थाकडे येऊ. या अर्थाचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत.

शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत देण्याची महाराष्ट्र शासनाची योजना आहे. नापिकी, कर्जबाजारीपणा, परतफेडीचा तगादा ही कारणे त्यासाठी ग्राह्य धरली जातात, आणि जिल्हा पातळीवरची समिती प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरवते. मृत्यूमागे आजारपण किंवा व्यसन होते असे ठरले तर दार बंद होऊ शकते. दुसरीकडे त्याच शासनाने २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. म्हणजे कर्ज आणि मन यांचा संबंध मान्य केला. जिवंतपणी जे मन उपचाराला पात्र, ते मेल्यावर मदतीला अडसर ठरू शकते. कर्जाने मन खचले असेल तर कारण कोणते लिहायचे, कर्ज की मन? रकाना एक आहे आणि आयुष्यात ती दोन्ही एकमेकांत मुरलेली आहेत. याच्या उलट उदाहरणही आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायला सांगितले, आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. येथे मनाचा उल्लेख शिक्षेऐवजी जबाबदारीकडे नेतो.

'मानसिकता' या शब्दाचे असेच आहे. 'पुरुषी मानसिकता', 'सरंजामी मानसिकता', आणि मग ठरलेला समारोप : 'मानसिकता बदलली पाहिजे'. या वाक्याला विरोध करणारा माणूस मिळणार नाही, यातच त्याचे दुबळेपण आहे. कोणी बदलायची, कशी, ती घडवली कोणत्या नियमांनी आणि कोणाच्या फायद्यासाठी, हे विचारावे लागत नाही. शब्द उच्चारला की चर्चा झाल्याचे समाधान मिळते.

या वापराची आणि आंबेडकरांच्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' (१९३६) या न झालेल्या भाषणाची तुलना करून पाहावी. लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी ते लिहिले गेले, मंडळाला ते पचले नाही, आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापले. त्यातही जात ही विटामातीची भिंत नसून मनातली धारणा आहे, असे प्रतिपादन आहे. म्हणजे आजच्या भाषेत 'मानसिकते'चाच मुद्दा. पण बाबासाहेब तेथे थांबत नाहीत. ही धारणा मनात आली कोठून, असे ते विचारतात, आणि उत्तर देतात की शास्त्रांच्या प्रामाण्यातून. जात पाळणारा माणूस त्यांच्या लेखी दुष्ट नाही. तो आपल्या धर्माला धरून वागतो. म्हणून लढा त्या माणसाशी न करता शास्त्रांच्या पावित्र्याशी केला पाहिजे. या विषयावर लिहिताना मला वारंवार वाटत राहिले की 'मानस' आणि 'शास्त्र' या दोन पदांमधला खरा संबंध मराठी मुलखातल्या एखाद्या माणसाने उलगडला असेल तर तो येथे. मनाचे नाव घेऊन त्यांनी प्रश्न मिटवला नाही. मनाच्या मागे उभ्या असलेल्या सत्तेपर्यंत तो नेला.

६

मग 'मानसशास्त्र' हा शब्द टाकून द्यावा काय? तसे मला मुळीच वाटत नाही. विद्याशाखेचे नाव म्हणून तो पक्का आहे, आणि 'गर्दीचे मानसशास्त्र' ही लक्षणाही आता भाषेत मुरली आहे. शब्द बदलून विचार बदलत नाहीत; तसे असते तर 'मनोरुग्णालय' हा शब्द आल्यावर 'येरवड्याला पाठवा' ही चेष्टा पुण्यात थांबली असती.

मी सुचवतो ती एक साधी कसोटी. 'मानसिक', 'मानसिकता', 'मानसशास्त्रीय' यांपैकी कोणताही शब्द वाक्यात आला की त्याच्या पुढच्या वाक्याकडे पाहावे. तेथे प्रश्न असेल, म्हणजे 'केव्हापासून?', 'कशामुळे?', 'कोणी असे करायला लावले?', तर शब्दाचा वापर सार्थ आहे. तेथे पूर्णविरामानंतर काहीच नसेल तर त्या शब्दातले 'शास्त्र' जुन्या अर्थाने बोलते आहे, आणि 'मानस' पुन्हा ऐकून घेते आहे. डॉक्टर, शिक्षक, अधिकारी, समीक्षक आणि अग्रलेख लिहिणारे, या साऱ्यांच्या वाक्यांना ही कसोटी लावता येईल. घरात एखादी बाई 'करमत नाही' म्हणाली तर तिला काही नाव देण्यापूर्वी 'केव्हापासून गं?' असे विचारणे, हे या विद्येचे पहिले पाऊल आहे. त्यासाठी पदवी लागत नाही. तिचे उत्तर पुरे होईपर्यंत थांबावे मात्र लागते.