चौकोनी बागेचा नकाशा

मासिमो विन्येलींचा 1972चा न्यू यॉर्क सबवेचा नकाशा मला आवडतो, पण त्याच्यावर माझा एक राग आहे. लोक हसतात ते सेंट्रल पार्कला. प्रत्यक्षात लांबुळकं, इथे चक्क चौकोनी, वर करड्या रंगाचं. असू दे. बोगद्यातून जाणाऱ्याला बाग कुठे दिसते?

खरी गंमत खाली आहे. आयआरटी आणि बीएमटी या दोन खाजगी कंपन्या शहराने 1940 साली विकत घेतल्या आणि स्वतःच्या आयएनडीला जोडल्या. तरी आयआरटीचे बोगदे अरुंदच राहिले. आजही अक्षरांच्या गाड्यांचे रुंद डबे आकड्यांच्या गाड्यांच्या बोगद्यात मावत नाहीत. विन्येलींनी मात्र प्रत्येक गाडीला सारख्याच जाडीची रंगीत पट्टी दिली. जिथे थांबते तिथे काळा ठिपका. जुनी भांडणं गायब, आणि कुठली गाडी कुठे थांबते ते लगेच कळतं.

माझा राग फिफ्टीएथ स्ट्रीटवर आहे. तिथलं ब्रॉडवेचं स्टेशन नकाशात एट्थ ॲव्हेन्यूच्या पश्चिमेला आहे, प्रत्यक्षात पूर्वेला. जिना चढून वर आलेला माणूस उलटा चालू लागणार. बाग आखडली तर कुणी हरवत नाही, इथे हरवतो.

1979ला मायकेल हर्ट्झ यांचा नकाशा आला. बाग लांब झाली, रस्ते परतले, पण एका मार्गावरच्या सगळ्या गाड्या एकाच रेषेत कोंबल्या गेल्या. 2025मध्ये न्यू यॉर्क पुन्हा विन्येलींच्या वळणावर गेलं. प्रत्येक गाडीची पट्टी परत वेगळी झाली, याचा मला आनंदच आहे.